खडीचा ढीग

"कुणासाठी बनवताय? मुलासाठी का?"

हा प्रश्न मी सेलवासला इतक्या जणांच्या तोंडून ऐकला, की पुढे पुढे तो विचारला जायच्या आधीच माझं डोकं फिरायचं. सामरवरणीत आम्ही दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. तिथल्या घरमालकाने विचारलं, त्याच्या बायकोने विचारलं, दूधवाल्याने विचारलं. मसाटच्या कारखान्यात मी ड्रॉइंग ऑफिसात होते, तिथल्या पुण्याहून आलेल्या साहेबांनीही चहा पिता पिता विचारलं. मला तेव्हा मूल नव्हतं आणि हे त्या सगळ्यांना चांगलं ठाऊक होतं. तरी विचारायचे. बाई फळीवर आगगाडीचे रूळ ठोकतेय, म्हणजे घरात कुठेतरी एक मुलगा असणारच, नाहीतर व्हायचा असणार, अशी यांची ठाम समजूत.

"माझ्या वडिलांसाठी," मी सांगायचे. त्यावर लोक हसायचे. मी हसत नाही हे पाहिल्यावर मग विषय बदलायचे.

माझे वडील, म्हणजे आप्पा, खानदेशातल्या एका लहानशा स्टेशनवर केबिनमन होते. रुळांच्या कडेला उंचावर काचेच्या खिडक्यांची खोली असते आणि आत ओळीने लोखंडी लिव्हर असतात. लिव्हर ओढला की खाली दूरवर रूळ सरकतात आणि गाडी या लाईनीवरून त्या लाईनीवर जाते. रूळ सरकतात त्या जागेला पॉईंट म्हणायचं. सत्तावीस वर्षं आप्पांनी ते लिव्हर ओढले. घरातला दिवा मालवतानासुद्धा ते आधी खोलीत कुणी आहे का ते बघायचे आणि मगच बटणाला हात लावायचे.

निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. एका दुपारी मालगाडीचे डबे बाजूच्या लाईनीवर ढकलायचं काम चाललं होतं. शेवटचा डबा पॉईंटवरून पुढे गेला की लिव्हर ओढायचा, एवढंच काम. पण त्या दिवशी आप्पांना केबिनमधून पॉईंटच दिसत नव्हता. रुळांच्या दुरुस्तीसाठी आणलेल्या खडीचा दोन पुरुष उंच ढीग कुणीतरी मध्येच ओतून ठेवला होता. ढिगाच्या टोकाशी उभ्या असलेल्या माणसाने हिरवी झेंडी दाखवली. आप्पांनी झेंडी बघून लिव्हर ओढला. डबा अजून पॉईंटवरच होता. त्याची चाकं रुळांवरून खाली उतरली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

चौकशीचे साहेब आले ते तीन आठवड्यांनी. तोवर सगळी खडी रुळांत पसरून झाली होती. साहेब केबिनमध्ये चढले, खिडकीत उभे राहिले आणि त्यांना पॉईंट अगदी लख्ख दिसला. झेंडीवाल्याने कानांवर हात ठेवले. ढीग कुठे होता म्हणून विचारलं तेव्हा आप्पांनी मोकळ्या जमिनीकडे बोट दाखवलं. साहेबांनी लिहून टाकलं की ड्युटीवरच्या माणसाला डुलकी लागली होती. ज्यांनी ढीग ओतला त्यांना कुणी काही विचारलं नाही. ज्यांनी तो चौकशीच्या आधी घाईघाईने उपसला त्यांनाही नाही. आजही हे लिहिताना माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

शिक्षा झाली, ती आप्पांनी भोगली. पण घरात जे झालं ते त्याहून वाईट होतं. माझा मोठा भाऊ, ज्याच्याकडे आप्पा राहायचे, एकदा जेवताना म्हणाला, "वय झालं की लागतोच डोळा, आप्पा. त्यात काय एवढं?" रागाने नाही, समजूत घातल्यासारखा म्हणाला. आप्पा पुढचा घास न घेता उठले. त्यानंतर त्यांनी त्या दिवसाबद्दल अवाक्षर काढलं नाही, आणि फुकटचा पास असूनही पुन्हा कधी रेल्वेगाडीत पाऊल ठेवलं नाही.

अशी आठ-नऊ वर्षं गेली. मी लग्न होऊन सेलवासला आले, जिथे मुळात रेल्वेच नाही. गाडी पकडायची तर वापीला जावं लागतं. एका दिवाळीत मी माहेरी गेले असताना भावाचा कुणी मित्र आला होता. भावाने त्याला आप्पांच्या देखत तो किस्सा सांगितला, हातवारे करून, डोळे मिटून डुलकी घेऊन दाखवत. दोघेही हसले. आप्पा खिडकीबाहेर बघत बसले. मी त्या दिवशी भावाला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याचा उपयोगही झाला नाही. "तू होतीस का तिथे?" एवढंच त्याने विचारलं.

नव्हते. पण तो तरी कुठे होता? परतीच्या गाडीत मी ठरवलं, की ते स्टेशनच बनवून त्याच्यापुढे नेऊन ठेवायचं. केबिन, पॉईंट, डबे आणि ढीग. आप्पा गाडीत बसणार नव्हते, तेव्हा स्टेशनलाच गाडीत बसवून त्यांच्याकडे न्यायला हवं होतं.

त्याच गाडीत मी सीटखालची जागा मोजायला काढली. पर्समध्ये माझी टेप असायचीच. लांबी, उंची, दाराची रुंदी. समोरचे काका पाय वर घेऊन बसले आणि म्हणाले, "काय हरवलं का, ताई?" त्या मापावरून ठरलं, की अडीच-अडीच फुटांच्या दोन फळ्या बिजागऱ्यांनी जोडायच्या आणि बॅगेसारख्या मिटवायच्या. मिटल्यावर एका फळीवरची केबिन दुसऱ्या फळीवरच्या मोकळ्या शेतात यायला हवी. हे जमवायला मला चार ड्रॉइंगं फाडावी लागली.

आप्पांना पत्र लिहिलं : केबिनपासून पॉईंट किती लांब होता? दोन महिने उत्तर नाही. मग एक आंतरदेशीय आलं. त्यात ना आशीर्वाद ना खुशाली. फक्त लिहिलं होतं, "साठ पावलं. माझी."

म्हणजे पाऊल मोजणं आलं. पुढच्या खेपेला मी त्यांना अंगणात चालायला लावलं आणि मागून टेप धरली. दहा पावलांचं माप फारच कमी आलं. मी काही बोलायच्या आत तेच थांबले. "हे घरचं पाऊल आहे," म्हणाले. "कामावरचं वेगळं." मग पाठ ताठ केली आणि पुन्हा चालले, लांब लांब टांगा टाकत, तोंडाने आकडे म्हणत. अडीच फुटांचं एक पाऊल भरलं. भाऊ ओट्यावर पेपर वाचत होता. त्याने मान वर करून पाहिलं आणि पुन्हा पेपरात घातली.

माप ठेवलं फुटाला पाव इंच. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी बाजूने दिसणारा आराखडा काढला. केबिनच्या खिडकीत उभ्या माणसाच्या डोळ्यापासून पॉईंटपर्यंत एक सरळ रेघ मारायची होती. ती ढिगाच्या वरून गेली असती तर भाऊ खरा ठरणार होता. मला घाम फुटला होता, खोटं कशाला बोलू? आप्पांवर माझा विश्वास होता, पण रेघेला कुणाचा मुलाहिजा नसतो. पट्टी ठेवली, पेन्सिल ओढली. रेघ ढिगाच्या पोटात शिरली. "घ्या!" मी इतक्या मोठ्याने ओरडले, की पलीकडच्या टेबलावरून साहेब म्हणाले, "काय लॉटरी लागली का?"

लॉटरी! बाईला आनंद झाला म्हणजे एकतर मुलगा झाला नाहीतर लॉटरी लागली.

बांधायला पावणेदोन वर्षं लागली. पहिली फळी पॅकिंगच्या खोक्याच्या प्लायची केली, ती पावसाळ्यात पापडासारखी वाकली. मग जाड ब्लॉकबोर्ड आणला. रूळ म्हणून वेल्डिंगवाल्यांकडच्या पितळी काड्या, त्या धरायला बारीक खिळे. मसाटच्याच एका लेथवाल्याने चाकं घडवून दिली, "मुलासाठी का?" हे विचारूनच. इंजिनचा गोल बॉयलर पावडरच्या डब्याचा आणि पोटात जुन्या टेपरेकॉर्डरची मोटर. केबिनमधला लिव्हर मागे ओढला की सायकलचा स्पोक फळीखालून सरकायचा आणि पॉईंट हलायचा. तो पहिल्यांदा 'टक' करून हलला तेव्हा मी तो चाळीस-पन्नास वेळा तरी हलवला असेन.

नवरा सुताच्या कारखान्यात इलेक्ट्रिशियन होता. पॉईंटवर इंजिन आलं की रूळ एकमेकांना टेकून शॉर्ट व्हायचं. ते त्याने एका रविवारी कानसीने एवढीशी फट पाडून सोडवलं. मुळात तो वाईट माणूस नाही, हे इथे लिहायलाच हवं, कारण पुढे त्याने काय केलं ते मला सांगायचं आहे.

ढीग सगळ्यात शेवटी केला. तारेच्या जाळीला आकार दिला, त्यावर वर्तमानपत्राचे तुकडे खळीने चिकटवले, वरून दमणगंगेची जाडी रेती गाळणीने चाळून बसवली. उंची बरोबर तीन इंच. चार स्क्रू काढले की अख्खा ढीग उचलता यायचा. आधी ढिगाशिवाय दाखवायचं, म्हणजे चौकशीच्या साहेबांना काय दिसलं ते कळेल. मग ढीग बसवायचा आणि म्हणायचं, आता बघ. माझ्या डोक्यात तो प्रसंग इतका पक्का होता, की भांडी घासतानाही मी भावाशी बोलत असायचे.

भावाला कळवलं, आम्ही येतोय, आप्पांना दाखवायला एक वस्तू आणतोय. त्याचं उत्तर नवऱ्याच्या नावाने आलं. शेवटची ओळ होती, "येताना औषध आणावे." सेलवासला राहणाऱ्या प्रत्येकाला हे औषध ठाऊक होतं. आमच्याकडे दारू उघड आणि स्वस्त, सीमा ओलांडली की गुजरात, तिथे बंदी. खानदेशात जायचं तर मध्ये गुजरात पडणारच. कुणीही गावी निघालं, की मामा, काका, मेहुणा, जो तो औषध मागवायचा. आणि आमची माणसं ते नेण्यासाठी काय काय युक्त्या लढवायची! पिठाच्या डब्यात, पाण्याच्या पिशवीत, बाळाच्या दुपट्यात. पुन्हा त्या युक्त्या एकमेकांना फुशारकीने सांगायची. मी नवऱ्याला स्पष्ट सांगितलं, या खेपेला काहीही न्यायचं नाही. तो "बरं" म्हणाला. इतक्या चटकन म्हणाला, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

वापीच्या जीपमध्ये आम्ही मिटलेल्या फळ्यांची पेटी मांडीवर आडवी घेऊन बसलो. नाक्यावर जीप थांबली. पोलिसाने सगळ्यांच्या पिशव्या चाचपल्या आणि पेटीकडे बोट दाखवलं.

"आमां शुं छे, बेन?"

"रेल्वे आहे," मी म्हणाले.

त्याने खाली उतरवून उघडायला लावलं. रस्त्याच्या कडेला मी दोन्ही फळ्या पसरल्या. बाकीचे प्रवासीही उतरून भोवती उभे राहिले. पोलीस उकिडवा बसला, इंजिन बोटाने थोडं ढकलून पाहिलं आणि हसला. "सरस छे. बाबा माटे?"

मुलासाठी का! सीमेवरसुद्धा तेच. माझा पारा तिथेच चढला.

मग त्याने ढिगावर बोटाने टकटक केलं. पोकळ आवाज आला. "आ डुंगर पोलो छे. खोलो."

स्क्रूड्रायव्हर घरी राहिला होता. मी त्याला तसं सांगितलं. तो मान हलवून थांबून राहिला. वास्तविक समोरच सायकलचं दुकान होतं, स्क्रूड्रायव्हर पाच मिनिटांत मिळाला असता. नवरा माझी बाही ओढत हळूच म्हणाला, "अगं, जाऊ दे ना, मी बघतो." पण मी कुणाचं ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते. पावणेदोन वर्षं राबून मी बापाची अब्रू या फळीवर उभी केली होती आणि हा माणूस तिला दारूचं खोकं समजत होता!

"सगळ्यांना काय चोर समजता?" मी ओरडले. "काही नाही आत! फोडा! फोडून बघा हवं तर!"

पोलिसाने माझ्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. नवऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. पोलिसाने ढिगावर काठीचं टोक ठेवलं आणि दाबलं. खळ आणि कागद कर्रकन फाटले. जाळी दबली. त्याने बोटं घालून वरचं टरफल उचललं. आत, नवऱ्याच्या जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेल्या, दोन हाफ बाटल्या होत्या.

प्रवासी हसायला लागले. पोलिसाचं काही चुकलं नव्हतं, आणि याच गोष्टीचा मला सगळ्यात जास्त संताप आला. निदान तो तरी चुकीचा असायला हवा होता.

"भाऊंनी मागवलं होतं," नवरा पुटपुटला. "रेल्वे बघून कोण तपासणार, असं वाटलं."

त्याला चौकीत बसवून ठेवलं. नाव-गाव लिहून घ्यायचं होतं. जीपवाला हॉर्न वाजवत होता. नवरा म्हणाला, "थांबतेस ना?" मी ढिगाचे तुकडे पदरात गोळा केले, फळ्या मिटल्या आणि जीपमध्ये जाऊन बसले. मागे वळूनही पाहिलं नाही. तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आला आणि पुढचे आठ दिवस मी त्याच्याशी बोलले नाही.

घरी पोचले तेव्हा भाऊ दारातच होता. त्याने पेटी हातातून घेतली, माझ्या मागे पाहिलं आणि म्हणाला, "पाहुणे कुठे? औषध आणलं ना?"

मी म्हणाले, "तुझं औषध नाक्यावर आहे. जाऊन घे." आणि सगळं सांगितलं. सांगताना आवाज चढला, मग फुटला. भाऊ दारापासून बाजूला झाला फक्त.

आप्पा धुतलेला सदरा घालून बसले होते. मी मधल्या खोलीत फळ्या पसरल्या. ढिगाच्या जागी आता चार स्क्रूंमध्ये अडकलेली, चेपलेली जाळी होती. ती मी पक्कडीने उपटून टाकली. आप्पा जवळ आले. आधी कुठेच हात लावला नाही. लाईनी मोजल्या. एक बोट रुळावरून साठ पावलं नेलं. मग गुडघ्यावर बसले, गाल फळीला टेकवला आणि केबिनच्या मागून, खिडकीतून पाहिलं. बराच वेळ पाहत राहिले.

"पॉईंट दिसस," ते घरच्या अहिराणीत म्हणाले. "साहेबले बी असाच दिसना व्हता."

साहेबांनाही असाच दिसला होता. मला तोंडात मारल्यासारखं झालं. दाखवायच्या वेळेला नेमका ढीग नाही. दुसऱ्यांदा. पहिल्यांदा रेल्वेच्या माणसांनी उपसला, आणि या खेपेला माझ्या भावाने, माझ्या नवऱ्याने आणि माझ्या जिभेने.

मी पदराची गाठ सोडली. टरफलाचे तीन मोठे तुकडे होते, बाकी चुरा. आप्पांनी ते उचलून पाहिले, रेतीवरून अंगठा फिरवला. मग भावाला हाक मारली.

"इकडे ये. हे धर. इथे."

भाऊ खाली बसला. आप्पांनी त्याचे दोन्ही हात धरून जागेवर नेले, बोटभर अलीकडे, मग पुन्हा पलीकडे, मनासारखं होईपर्यंत. तिन्ही तुकडे त्याच्या हातांच्या ओंजळीत उभे राहिले. मी शेवटचा डबा पॉईंटवर आणून ठेवला. मला कुणी सांगितलं नव्हतं.

"आते वाक," आप्पा म्हणाले. "हात हलू देऊ नको. खिडकीमधून दख."

हात तिथेच ठेवून केबिनच्या मागे डोकं नेणं सोपं नव्हतं. भाऊ जाडजूड माणूस. तो कुशीवर आडवा झाला, मान वाकडी केली, गाल फळीला लावला. खोलीत त्याच्या श्वासाचा आवाज येत होता.

"डबा दिसस का?"

भाऊ बघत राहिला. एकदा डोळे मिटून पुन्हा उघडले.

"नही दिसत," तो म्हणाला.

आप्पांनी लिव्हरला बोट लावलं आणि ओढला. पलीकडे टक झालं. चार पितळी चाकं रुळांवरून घसरली आणि डबा कलंडला. भावाने तो आवाज ऐकला, पण त्याला दिसलं काहीच नाही. तो उठायला लागला. तुकडे थरथरले.

"हात काढू नको," आप्पा म्हणाले. "अकरा वर्षं झाली. राहू दे जरा."